वर्षभराचा खाडा

चिंचपोकळीला फास्ट लोकल थांबत नाही. भायखळा सोडला की ती तशीच धडधडत निघते आणि थेट दादरला दम घेते. आमच्या फलाटावर आधी वारा येतो, मग खिडक्या येतात, मग शेवटचा डबा दिसेनासा होतो. याच रुळांच्या पट्ट्यातून लांब पल्ल्याच्या गाड्याही जातात. हावडा, चेन्नई, वाराणसी ही नावं मी शाळेच्या नकाशावर नंतर पाहिली, आधी पळत्या डब्यांवरच्या पाट्यांवर वाचली. जग आपल्या अगदी जवळून जातं आणि आपल्यासाठी थांबत नाही, एवढा भूगोल इथल्या प्रत्येक पोराला फुकटात कळतो.

खरं तर ही वस्ती वसवली ती लांबून आलेल्यांनीच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले, साताऱ्या-सांगलीकडचे, घाटावरचे आणि घाटाखालचे पुरुष पोटासाठी इथल्या कापडगिरण्यांत आले. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली घ्यायची, प्रत्येकाला एक खुंटी आणि एका ट्रंकेपुरती जागा. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. गावकीच्या त्या खोल्यांत आयुष्यं गेली, पण ‘घर कुठे?’ असं विचारलं की उत्तरात गावाचंच नाव यायचं.

आणि ही माणसं सुट्टी घ्यायची. लावणीला, लग्नसराईला, शिमग्याला, गणपतीला. कुणी पंधरा दिवस, कुणी दोन महिने. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट धरायची किंवा परळच्या डेपोतून एसटी. मागे साचा चालू राहायचा, कारण गिरणीच्या दरवाज्यावर बदलीवाले उभेच असायचे. कायमच्या कामगाराचा खाडा झाला की बदलीवाल्याला त्या दिवसाचं काम मिळायचं. गिरण्यांच्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होते आणि बदलीवाल्याच्या वाट्याला तर जास्तच आले. पण माणूस अधूनमधून काम टाकून निघून जाणारच, हे तिथे कोणी नाकारत नव्हतं.

माझे बाबा साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. कामगारनेते दत्ता सामंतांच्या हाकेला अडीच लाख कामगारांनी साथ दिली, त्यांत बाबाही होते, आणि अगदी मनापासून होते. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला, एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि बाबांचा खाडा कायमचा झाला. पुढे त्यांनी रखवालदारी केली, मसाल्याच्या दुकानात हिशेब लिहिला. आमच्या घरात तेव्हापासून काम थांबण्याची एक भीती मुक्कामाला आली. दिवसभर घरी बसलेला पुरुष दिसला की आई अजूनही काळजीने त्याच्याकडे बघते.

म्हणून फोर्टमधली हिशेबखात्याची नोकरी सोडून मी वर्षभर जग बघायला निघते आहे, असं सांगितलं तेव्हा आई रागावली नाही. घाबरली. “हातचं काम कुणी आपणहून सोडतं का गं?” एवढंच म्हणाली. तिच्या प्रश्नामागे आमच्या सगळ्या चाळीचा इतिहास उभा होता. ज्यांचं काम हिसकावलं गेलं त्यांच्या मुलीने ते स्वतःच्या हाताने खाली ठेवायचं, याला चैन म्हणायचं की सूड, हे मलाही नीट सांगता आलं नसतं.

निघणं दिसतं तेवढं सरळ नसतं. दूतावासांना तुमच्या कार्यालयाचं रजेचं पत्र हवं असतं. परत येऊन त्याच खुर्चीत बसणार असाल तर जग दार उघडतं. राजीनामा दिलेल्या बाईने बँकेचा तपशील, घराचे कागद, विम्याची पानं पुढे करायची आणि ‘मी नक्की परत येईन’ हे पटवून द्यायचं. युरोपातल्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांसाठी पिवळ्या तापाची लस टोचून तिचं पिवळं पुस्तक जवळ बाळगावं लागतं. हिशेबखात्यात घालवलेली वर्षं मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती नोकरी सोडताना.

पुढे हनोईत, तिबिलिसीत, इस्तंबूलमध्ये स्वस्तातल्या मुक्कामांवर मी उतरले. एका खोलीत सहा-आठ पलंग, प्रत्येकाला एक कुलुपाचा कप्पा, एक खुंटी. कुणी पहाटेच्या बसने निघालेलं, कुणी रात्रीच्या गाडीने येऊन झोपलेलं. स्वयंपाकघरात प्रत्येकाच्या डब्यावर नाव. बाकीच्या पोरापोरींना यात साहस वाटत होतं. मला ती गावकीची खोली वाटली, फक्त भाषा वेगळ्या होत्या. वळकटी कशी बांधायची, दुसऱ्याची झोप न मोडता दिवा न लावता कपडे कसे काढायचे, अनोळखी माणसाच्या खोकल्याची सवय कशी करून घ्यायची, हे सगळं बाबांच्या पिढीला येत होतं. त्यांना कुणी जगप्रवासी म्हटलं नाही.

मँचेस्टरजवळ स्टायल नावाच्या गावात क्वारी बँक ही १७८४ सालची कापडगिरणी जपून ठेवली आहे. आता ते संग्रहालय आहे. पाहुण्यांसाठी तिथे थोडा वेळ साचे चालवून दाखवतात. तिथल्या माणसाने कळ दाबली आणि आवाज सुरू झाला. जमीन हलायला लागली, शेजारचीचं बोलणं ऐकू येईना. आम्ही पाहुणे हसलो, कानांवर हात ठेवले, आणि थोड्याच वेळात त्याने यंत्र बंद केलं. बाबांच्या पाळीत ते बंद होत नसे. ते घरात एवढ्या मोठ्याने का बोलायचे, रेडिओ कानाला लावून का बसायचे, हे मला कळायला चिंचपोकळीहून इतक्या लांब यावं लागलं. मुंबईच्या गिरण्यांत यंत्रं आली ती याच भागातून. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव इथल्या जुन्या कामगारांना पाठ असायचं. साच्यांनी समुद्र ओलांडला होता. साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र कोकणातल्या राजापूरच्या पलीकडे जाणं जमलं नव्हतं.

पोलंडमधल्या वूच शहरात पॉझनान्स्कीच्या प्रचंड कापडगिरणीचा मॉल झाला आहे. लाल विटांची दर्शनी भिंत तशीच ठेवली आहे, आत दुकानं. मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या मॉलमध्ये बसते तशीच. जग बघायला निघालेल्या माणसाला जग पुन्हा पुन्हा त्याचीच गल्ली दाखवतं. त्याचा कंटाळा येत नाही, उलट आपलं दुःख एकट्याचं नव्हतं हे कळून जरा हलकं वाटतं.

माझ्या आधी या शहरातून कितीतरी जण निघाले आहेत. १५ ऑक्टोबर १९२३ ला बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेला निघाले. इराण, सिरियाचं वाळवंट, आल्प्स, अमेरिका, जपान, ब्रह्मदेश असं करत १९२८ च्या मार्चमध्ये अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे प्रवास पुरा करून परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर झाले होते. अलीकडचं नाव परभणीकडच्या विष्णुदास चापके यांचं. पत्रकारितेची नोकरी सोडून ते २०१६ साली ठाण्याहून निघाले आणि विमानाचा आधार न घेता, जमिनीवरून आणि समुद्रातून जगाला वळसा घालून २०१९ साली परत आले. आणि शाहीर अण्णाभाऊ साठे. लहानपणी वाटेगावहून आईवडिलांबरोबर पायी चालत मुंबई गाठलेल्या या माणसाने गिरणीत काम केलं, आणि १९६१ साली तो मॉस्कोला गेला. त्या प्रवासाचं पुस्तक मी बरोबर नेलं होतं. आमच्या वस्तीतल्या माणसाने जगाकडे कसं बघावं, याचा माझ्यापुरता तो धडा होता.

आपल्याकडे घरदार सोडून फिरण्याला मनाई कधीच नव्हती. नर्मदेची परिक्रमा परंपरेने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. कुणी निघालं तर आपण त्याच्या पाया पडतो. आषाढीला वीस दिवस शेत टाकून चाललेल्या माणसाला कुणी ‘पुढे काय?’ विचारत नाही. देवासाठी गेलं की पुण्य, आणि नुसतं बघण्यासाठी गेलं की खाडा, एवढाच फरक. मला तो फारसा पटत नाही. अनोळखी गावात अनोळखी हातचं खाऊन, आपल्याला काही कळत नाही हे रोज मान्य करत चालणं, यालाही एक व्रतच लागतं.

पण सगळ्या प्रवासवर्णनांत एक पान राहून जातं. मी वूचच्या बाकावर बसले होते तेव्हा आईला घेऊन केईएम रुग्णालयाच्या रांगेत वहिनी उभी होती. विजेचं बिल, गॅसचा नंबर, चिंचपोकळीच्या चिंतामणी गणपतीच्या आगमनाच्या दिवशी गर्दीतून आईला दर्शनाला नेणं आणि सुखरूप घरी आणणं, सगळं तिने केलं. तिचीही नोकरी होती. ती माझी बदली होती आणि तिची हजेरी कुठेच लागली नाही. त्या सायकलस्वारांच्या घरीही साडेचार वर्षं कुणीतरी दिवे लावले असतील, म्हाताऱ्यांची औषधं आणली असतील.

परत आल्यावर वहिनी मला म्हणाली, “ताई, फोटो दाखवा ना.” मी दाखवले. ती प्रत्येक फोटोवर थांबून विचारत होती, इथे थंडी किती असते, बायका एकट्या फिरतात का, भाताला काय म्हणतात. त्या रात्री मी दादाशी बोलले. घर आता माझ्याकडे आहे. वहिनीने बिनपगारी रजा टाकली आहे आणि ती परिक्रमेला निघाली आहे, बसने नाही, पायी, जमेल तेवढी.

चाळीतली मुलं हल्ली मला विचारतात, नोकरी सोडून वर्षभर जावं का. जावं. पैसे साठवून, कर्ज फेडून, गुडघे धड आहेत तोवर जावं. नोकऱ्या पुन्हा मिळतात, निदान थोड्या कमी पगाराच्या तरी मिळतात, मलाही मिळाली. फक्त निघण्यापूर्वी आपल्या जागी घरात कोण उभं राहणार आहे, त्याचं नाव मोठ्याने घ्या. आणि परत आलात की पहिली सुट्टी त्या माणसाला द्या.