दुपारी फरशीला पाणी

नगरात आमरी (ऑर्किड) सांभाळायची म्हणजे हौसेला मोल नाही, एवढंच म्हणायचं. मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, हवा तर अशी कोरडी की दोरीवरचा पंचा अर्ध्या तासात पापड होतो. शेजारच्या काकू कुंड्यांकडे बघून म्हणतात, "बांडगुळं कसली पोसताय?" बांडगूळ झाडाचा रस ओढतं. आमरी झाडावर नुसती बसलेली असते, पण काकूंना ते कोण सांगणार!

याच जिल्ह्यात, अकोल्याच्या पश्चिमेला घाटघर-रतनवाडीच्या अंगाला, मे सरता सरता सीतेची वेणी ही आमरी फांद्यांवरून लोंबू लागते. आसामात हीच फुलं बिहूला मुली अंबाड्यात माळतात. फार वर्षांपूर्वी त्यातली एक मी मोडून पडलेल्या फांदीसकट घरी आणली. १९८६ पासून तो भाग अभयारण्य आहे, तिथून काही उचलायचं नसतं, हे मी तेव्हा सोयीने विसरलो. उन्हाची दया येऊन भर दुपारी तीन-तीनदा पाणी ओतलं. पंधरवड्यात शेंड्याचं पान जरासं ओढलं, तर बुडाशी कुजलेलं ते अख्खं हातात आलं.

आता रोपवाटिकेत वाढलेल्या वांडा आणि डेंड्रोबियमच ठेवतो. यांची पानं दुपारी रंध्रं मिटून बसतात आणि रात्री उघडतात, हे उशिरा कळलं. म्हणून दुपारी पाणी द्यायचं ते फरशीला आणि पश्चिमेच्या गोणपाटाला. शेडनेट निम्मं ऊन अडवते, खाली खडीच्या ताटांत पाणी असतं. मावळतीला फरशी पुन्हा भिजवायची, रात्रीची हवा ओलसर राहायला.

झाडाचं खरं पाणी पहाटे. वांडाची लोंबती मुळं खडूसारखी पांढरी दिसतात. पहिलं पाणी त्यांच्यावरून नुसतं ओघळतं. पाच मिनिटं थांबून दुसरं दिलं, की बघता बघता ती पोपटी होतात. एखादं मूळ पांढरंच राहिलं, तर तिसरं. बोअरचं पाणी मात्र नको, क्षारांची पुटं चढतात. गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत राखून ठेवतो. त्याला हात लावायची घरात कुणाला मुभा नाही, पाहुण्यांनाही नाही.

परवा वळीव आला. बायको कुरडयांचं वाळवण घेऊन आत धावली, मी दोन्ही हातांत कुंड्या घेऊन बाहेर. दारात टक्कर झाली.

कुरडया गेल्या.