खानदेशांतील सरासरीचा पाऊस

जळगावाहून धुळ्यास जाणारा हमरस्ता एरंडोल व पारोळें या गांवांवरून जातो. अंतर सुमारें ९० किलोमीटर. परंतु तेवढ्या वाटेवर पर्जन्यमानाचा उत्तम पाठ मिळतो. जळगावच्या बाजूस काळी कसदार जमीन, कपाशी आणि विहिरींच्या पाण्यावर पोसलेल्या केळींच्या बागा. पश्चिमेकडे जावें तसतशी जमीन हलकी होत जाते व बाजरीचीं शेतें अधिक दिसूं लागतात. जळगावास वर्षाकाठीं सरासरी ७०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीच्या आडोशास असलेल्या धुळ्यास त्याहून कमी. परंतु आणखी पश्चिमेस, नवापुराकडे, तोच आंकडा पुन्हां १००० च्या वर चढतो. १९९८ पर्यंत नवापूर आणि कोरडें शिंदखेडें हीं दोन्ही एकाच धुळें जिल्ह्यांत होतीं. त्या जिल्ह्याच्या सरासरीवरून या दोहोंपैकीं एकाचीही खरी ओळख कोणास पटली नसती!

म्हणून सरासरी निरुपयोगी आहे, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. 'आमच्या लहानपणीं पाऊस कसा वेळेवर पडे', असें प्रत्येक पिढी म्हणत आली आहे. स्मृतीच्या या लाडिकपणास नोंदवहीवांचून दुसरा उपाय नाहीं. हिंदुस्थानचें हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें. आज पर्जन्याची सरासरी दीर्घकालच्या नोंदींवरून ठरवितात, आणि तिच्याहून १९ टक्क्यांपर्यंत कमी वा अधिक झालेला पाऊस 'सामान्य' गणतात.

परंतु बेरीज सामान्य असली तरी साल सामान्य असतेंच असें नाहीं. २०२३ चें उदाहरण घ्या. त्या वर्षींचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशांतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीहून ३६ टक्के उणा होता. सप्टेंबरांत तो १३ टक्के अधिक पडला, आणि चार महिन्यांची बेरीज ९४ टक्क्यांवर येऊन ठेपली. कागदावर तूट अवघी सहा टक्क्यांची! पण आश्लेषा व मघा कोरड्या गेल्यावर खानदेशांत फुलावर आलेल्या कपाशीचें आणि दाणा भरूं पाहणाऱ्या बाजरीचें जें जातें, तें उत्तरेच्या सरींनीं परत येत नाहीं.

हें मर्म आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत निरनिराळ्या प्रदेशांचें पर्जन्यमान दिलें आहे. पण तेवढ्यावर न थांबतां, पावसाच्या पहिल्या व शेवटल्या महिन्यांत मिळून एक तृतीयांश आणि मधल्या दोहोंत दोन तृतीयांश पाऊस पडावा, हें सुवृष्टीचें लक्षण त्यानें सांगितलें आहे. किती पडला याबरोबर केव्हां पडला, हेंही त्यानें विचारिलें.

धुळ्याजवळून वाहणाऱ्या पांझरेवरील फडपद्धति हें याच शहाणपणाचें फळ होय. नदीवर बंधारे घालून पाट काढावयाचे, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडावयाचे, आणि यंदा किती फड भिजवावयाचे तें नदीचें पाणी पाहून ठरवावयाचें. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली; त्यामुळें तोटाही वांटून घेतला जाई. सरासरीवर नव्हे, तर त्या सालच्या पाण्यावर संसार उभारणारी ही व्यवस्था होती.

तेव्हां 'पावसानें सरासरी गांठली' असें वर्तमानपत्रांत वाचून ज्या घरांत समाधान मानिलें जाईल, तेथें एवढें तरी विचारावें कीं, ती कोणत्या गांवीं व कोणत्या नक्षत्रांत गांठली? धान्य बेरजेनें पिकत नाहीं; तें वेळेवर पडलेल्या पाण्यानें पिकतें.