तेलाची वही

स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा आम्ही २००४ च्या दहावीच्या तुकडीतील पाच जण एकत्र बसलो. गुरुजनांच्या ऋणाविषयी, वसतिगृहातील पहाटेच्या घंटेविषयी आणि पंगतीतील आमटीविषयी अन्य माजी विद्यार्थी आमच्यापेक्षा चांगले लिहितील, याची आम्हांला खात्री आहे. म्हणून आम्ही एका जुन्या मोटारीविषयी लिहिण्याचे ठरवले. बावधनच्या रस्त्यांवर ती अनेकांनी पाहिली असेल, काहींनी ढकललीही असेल. तिच्यापायी आमच्याकडून एक चूक झाली आणि ती चूक लिहून ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

वसतिगृहाला स्वतःचे वाहन नव्हते. आजारी मुलाला रात्री दवाखान्यात न्यायचे तर शेजाऱ्यांचे दार ठोठवावे लागे. २०१८ साली आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून सात आसनी, पेट्रोलवर चालणारी, ब्याण्णव हजार किलोमीटर झालेली गाडी विकत घेतली आणि शाळेला अर्पण केली. हारतुरे झाले, छायाचित्र निघाले. देखभालीची जबाबदारी आम्ही आनंदाने स्वीकारली, परंतु आमच्यापैकी नेमके कोणी काय पाहायचे हे मात्र ठरवले नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री सातवीतील एका मुलाला सणकून ताप भरला. वाहनचालक मामा त्याला घेऊन कोथरूडकडे निघाले. आमच्यापैकी एक जण सोबत होता. त्या वेळी चांदणी चौकातील नवा उड्डाणपूल पूर्ण व्हायचा होता. चौकाच्या अलीकडे वळण घेताना समोरचा तेलाचा लाल दिवा लागला. मामांनी तत्काळ इंजिन बंद केले. तेलाची पट्टी बाहेर काढली तर ती टोकापर्यंत कोरडी होती. भर पावसात एका रिक्षावाल्या दादांनी गाडी थांबवली आणि मुलाला दवाखान्यात पोहोचवले. मूल बरे झाले. आम्हांला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मामा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "दादा, गाडीखाली तेलाचा एक थेंबसुद्धा कधी दिसला नाही हो!" ते खरेच होते. तेल गळत नव्हते, जळत होते. ज्याला आपल्याकडे 'इंजिन तेल खाते' असे म्हणतात, तो हा प्रकार. शिवाय लाल दिवा तेलाची पातळी सांगतो, असा आमचा सर्वांचा समज होता. वस्तुतः तो तेलाचा दाब गेल्याचे सांगतो, आणि तो लागेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो. शेवटचे तेल बदलल्यापासून गाडी सुमारे साडेतीन हजार किलोमीटर धावली होती आणि त्या अवधीत बॉनेट कोणीही उघडले नव्हते. दोष मामांचा नव्हता. ते काम आम्ही कोणालाच सोपवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये गेलो. तेथील मिस्त्रींनी सायलेन्सरकडे एकदा पाहिले आणि निकाल दिला, "हाफ इंजिन करावं लागेल साहेब. नाहीतर जाड तेल टाका आणि विकून मोकळे व्हा." सांगितलेली रक्कम आमच्या आवाक्याबाहेरची होती. आमच्यातील एक जण भोसरीच्या कारखान्यात लेथवर काम करतो. तो म्हणाला, "मोजल्याशिवाय माप सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. आधी वही घाला."

त्या महिन्यात इंजिनाविषयी आम्ही जे शिकलो ते येथे थोडक्यात मांडतो. दहा वर्षांहून जुनी गाडी वापरणाऱ्या पालकांना ते उपयोगी पडेल. पिस्टनभोवती सामान्यतः तीन रिंगा असतात. वरच्या दोन प्रामुख्याने वायूचा दाब धरतात आणि खालची रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा तेल निपटून खाली सोडते. या रिंगा झिजल्या किंवा काजळीने खाचेत अडकल्या की तेल वर चढते आणि पेट्रोलबरोबर जळते. दुसरी वाट वरून असते. वॉल्व्हच्या दांड्यांवर रबरी सील असतात. उष्णतेने ती कडक होऊन तडकली की तेल दांड्यांवरून आत झिरपते. तिसरे कारण पीसीव्ही वॉल्व्हचे. इंजिनाच्या पोटातील वाफा परत आत नेऊन जाळणारी ही लहानशी वस्तू तुंबली की पोटातील दाब वाढतो आणि तेल नको तेथे ढकलले जाते. ही वस्तू स्वस्त असते, म्हणून आधी तीच तपासावी.

धुराचा रंगही बोलतो. निळसर धूर तेलाचा, काळा धूर जादा इंधनाचा. इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला तर थंडाव्याचे पाणी आत शिरत असल्याची शंका घ्यावी. निळा धूर केव्हा दिसतो, हे त्याहून महत्त्वाचे. चढावर, जोर लावताना सतत येत असेल तर संशय रिंगांवर जातो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना एकदाच लोट येत असेल, किंवा उतारावर गिअरमध्ये गाडी सोडून खाली आल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच येत असेल, तर संशय वॉल्व्हच्या सीलवर जातो. उतारावर पाय काढलेला असताना पेट्रोल इंजिनात पोकळी निर्माण होते आणि ती सैल सीलमधून तेल ओढून घेते.

आमची परीक्षा पिरंगुटच्या घाटात झाली. एक जण गाडी चालवत होता आणि दुसरा मोटारसायकलवरून मागे राहून पाहत होता. घाट चढताना धूर नव्हता. उतार संपवून पाय दाबताच मात्र निळा लोट दिसला. दर रविवारी सकाळी, शाळेच्या फाटकासमोरील सपाट जागेवर, इंजिन सुरू करण्यापूर्वी पट्टी पाहून नोंद करण्याचा नेम सुरू झाला. सहा रविवारांत गाडी २,१०० किलोमीटर धावली आणि पावणेदोन लिटर तेल वर घालावे लागले. म्हणजे बाराशे किलोमीटरला एक लिटर! काही कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटर खप मर्यादेतला मानलेला असतो, हे वाचून आम्ही थक्क झालो. तेल जळण्यापेक्षाही मोठा धोका ते न पाहण्यात होता.

ती वही घेऊन आम्ही दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. तेथील वयस्क मिस्त्रींनी वही आधी वाचली आणि मगच पान्हा हातात घेतला. प्लग काढून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले, नंतर प्रत्येकात थोडे तेल सोडून पुन्हा मोजले. रिंगा झिजलेल्या असतील तर तेल सोडल्यावर आकडा बराच वाढतो. तसे झाले नाही. हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून वॉल्व्ह जागीच धरून त्यांनी नवी सील बसवली आणि तुंबलेली पीसीव्ही वॉल्व्ह बदलली. हाफ इंजिनाच्या सुमारे पाचव्या हिश्शात काम झाले. खप हजार किलोमीटरला दोनशे मिलिलिटरवर आला. तो शून्यावर आला नाही, आणि येईल असे त्यांनी म्हटलेही नव्हते.

बावधनहून पौड रस्त्याने शहरात जाताना डाव्या हाताला वेताळ टेकडी लागते. तिच्यावरील एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वाहनांच्या धुराची तपासणी करते. आपण मात्र पीयूसीचा कागद मिळाला की निश्चिंत होतो. पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. इंजिन किती तेल जाळते, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. जळलेल्या तेलातील फॉस्फरस आणि राख हळूहळू कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतात आणि तो धूर मुलांच्याच श्वासात जातो.

२०२४ साली, १,६८,००० किलोमीटरनंतर, चढावरही निळा धूर दिसू लागला. या वेळी दोन सिलिंडरचे कॉम्प्रेशन उतरलेले होते आणि तेल सोडताच ते वाढले. रिंगा गेल्या होत्या. एव्हाना दुसऱ्या वाहनासाठी निधी जमला होता, म्हणून गाडी विकण्याचे ठरले. एका दलालाने युक्ती सांगितली. जाड तेल आणि बाटलीतले औषध घाला, गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन तापवून ठेवा, म्हणजे धूर दिसणार नाही आणि एक लाख साठ हजार सहज मिळतील.

आमच्यात त्या दिवशी कटू वाद झाला. एक जण म्हणाला, "पैसा आपला नाही, मुलांचा आहे. कमी किमतीला गाडी देण्याचा आपल्याला काय अधिकार?" हा प्रश्न खोटा नव्हता. मुलींच्या खोल्यांना नव्या गाद्या हव्या होत्या. दुसऱ्याने एवढेच विचारले, "रोज सकाळी आपण सर्वांनी मिळून चौथे शील घेत होतो, ते कोणत्या गिऱ्हाइकाला वगळून?" त्यावर कोणीच काही बोलले नाही.

गाडीबरोबर आम्ही वही दाखवली. पहिले गिऱ्हाईक चार पाने चाळून निघून गेले. पौडकडील भाजीचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांनी ती अखेरपर्यंत वाचली, इंजिनकामाचा खर्च वजा केला आणि एक लाख पंचवीस हजार दिले. त्यांनी वहीही मागून घेतली. उरलेले पस्तीस हजार आम्ही पाच जणांनी सात-सात हजार घालून भरले. खरे बोलण्याचे समाधान आम्ही घ्यायचे आणि त्याची किंमत मुलांनी मोजायची, हे आम्हांला योग्य वाटले नाही. गाद्या त्याच महिन्यात आल्या.

आता शाळेकडे दुसरे वाहन आहे. त्याचीही एक वही आहे. दर रविवारी नववीतील दोन विद्यार्थी पट्टी पुसून, पुन्हा घालून, पातळी वाचतात आणि तारीख घालून सही करतात. मामा शेजारी उभे राहून पाहतात. स्नेहसंमेलनासाठी येणाऱ्या आमच्या सर्व बंधू-भगिनींनी ती वही अवश्य पाहावी, आणि घरी परतल्यावर स्वतःच्या गाडीचे बॉनेटही एकदा उघडावे, ही नम्र विनंती.