सुईदोऱ्याचा बटवा

खानदेशात गोधडी शिवणाऱ्या बाईचा बटवा तिच्या लहानपणीच भरू लागतो. आजीची नजर अधू झाली की सुईत दोरा ओवण्याचे काम नातीकडे येते आणि मग ती धावदोरा शिकते. मोठ्या नेढ्याची सुई, जाड सुती दोरा, कात्री, अंगुस्तान आणि जाड थरांसाठी दाभण एवढा सरंजाम पुरतो. उन्हाळ्यात शेतातली कामे आटोपली की ओट्यावर जुनी लुगडी आणि धोतरे पसरली जातात. हा मुलूख कपाशीचा, अमळनेरच्या प्रताप मिलचा आणि धुळ्याच्या न्यू प्रताप मिलचा. इथे जुने सुती कापड टाकून देणे जिवावर येते.

लग्नानंतर बटवा सासरी येतो. आईचे विरलेले लुगडे तिच्या माघारी गोधडीत जाते आणि लेकीच्या बाळंतविड्यातली दुपटी त्याच मऊ कापडातून निघतात. पूर्वी लेक बाळंतपणाला माहेरी येई. आता अनेक घरांतल्या लेकी परदेशात असतात, म्हणून आईच बटवा घेऊन विमानाने निघते.

जळगाव विमानतळाचे उद्घाटन 2012 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. प्रादेशिक विमानसेवेच्या ‘उडान’ योजनेतली प्रवासी सेवा तिथून डिसेंबर 2017 मध्ये सुरू झाली. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, पण परदेशी जाणारे धुळेकर मुख्यतः मुंबईच गाठतात.

बटव्यातली धार हा सुरक्षा तपासणीचा विषय आहे. अमेरिकेतल्या 11 सप्टेंबर 2001 च्या विमानहल्ल्यांनंतर लहानशा पात्याकडेही जगभर कडक नजरेने पाहिले जाऊ लागले. भारतात हे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो ठरवतो. टोकदार धातूची कात्री हातातल्या सामानात चालत नाही, ती चेक-इन बॅगेत ठेवावी लागते. अमेरिकेत डिसेंबर 2005 पासून चार इंचांपेक्षा लहान पात्याची कात्री केबिनमध्ये चालते. ब्रिटनमध्ये ही मर्यादा 6 सेंटिमीटरची आहे. मात्र ज्या विमानतळावरून निघायचे, तिथला नियम लागू होतो. म्हणून जाताना भारताचा आणि परतताना त्या देशाचा नियम पाहावा. सुयांच्या बाबतीत तपासणीच्या जागी असलेल्या कर्मचाऱ्याचा शब्द अखेरचा असतो, म्हणून दाभण आणि लांब सुया चेक-इनमध्येच बऱ्या.

क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर कापड आणि दोरा नारिंगी दिसतो, धातू निळा. कात्री, सुया आणि टाचण्या एकत्र गुंडाळल्या तर गडद गोळा दिसतो आणि बॅग उघडावी लागते. त्यामुळे अवजारे सपाट, पारदर्शक डबीत सुटी मांडावीत. टोके बुचात किंवा जाड कापडात खोचावीत, म्हणजे बॅग तपासणाऱ्याचे बोट टोचत नाही. फवाऱ्याचा गोंद आणि पेट्रोलजन्य रबर सोल्युशन ज्वालाग्राही असल्याने ते घरीच राहू द्यावे. बॅटरीवर चालणारे छोटे शिलाई यंत्र असेल, तर लिथियमची सुटी बॅटरी हातातल्या सामानातच न्यावी.

हातातल्या सामानाची मर्यादा देशांतर्गत विमानात बहुधा 7 किलोंची असते, म्हणून तिथे काय ठेवायचे हे आधी ठरवावे लागते. अर्धवट शिवलेले दुपटे, आईच्या लुगड्याचा तुकडा आणि जुळवून ठेवलेले रंगीत दोरे तिथे ठेवावेत. चेक-इन बॅग कधी उशिरा येते, कधी हरवते. कात्री आणि सुई कुठल्याही देशात विकत मिळते, ते लुगडे मिळत नाही. ज्याला बंदी आहे ते पुन्हा घेता येते आणि जे पुन्हा मिळणार नाही त्याला कुठल्याही तपासणीत अडकाठी नाही. सामान लावताना एवढी वाटणी नीट केली की बाळंतविडा बाळाच्या आधी पोहोचतो आणि उरलेले टाके आजीला लेकीच्या घरी बसून घालता येतात.