तोर्चेल्लोची बाग

व्हेनिसच्या लगूनमध्ये, म्हणजे वाळूच्या लांबट बेटांनी समुद्रापासून वेगळ्या झालेल्या उथळ खाऱ्या पाण्यात, तोर्चेल्लो हे बेट आहे. तेथे आज बोटांवर मोजता येतील इतकीच माणसे कायमची राहतात आणि तरीही इटलीतील एक अत्यंत प्रतिष्ठित उपाहारगृह तेथेच आहे, हे विलक्षण वाटते. बेटावरील सांता मारिया आस्सुंता या चर्चची स्थापना ६३९ सालची, त्या काळी व्हेनिस अजून आकाराला यायचे होते. पुढे गाळ साचला, हिवताप पसरला, वस्ती उठली आणि ओस घरांच्या विटा-दगड होड्यांत भरून व्हेनिसच्या बांधकामांवर गेले. अशा जागी जुझेप्पे चिप्रियानी यांनी १९३५ मध्ये ‘लोकांदा चिप्रियानी’ ही छोटी सराई उघडली, तेच हे उपाहारगृह. १९४८ च्या शरदात अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे येथे राहिले, ही गोष्ट माहितीपत्रके फार अभिमानाने सांगतात. पण या जागेचे खरे वैभव मागची बाग आहे, जिथे वेलींच्या मांडवाखालून फुलांचे वाफे, भाज्या आणि त्यांपलीकडे चर्चच्या विटांच्या भिंती एकाच नजरेत येतात.

येथील ‘रिझोत्तो आल्ला तोर्चेल्लाना’, म्हणजे हंगामी भाज्या घालून आसट शिजवलेला भात, हा मासळीच्या कोणत्याही पदार्थाहून श्रेष्ठ मानावा. त्याचे मर्म या लगूनच्या मातीत आहे, आणि ती माती सर्वांत स्पष्ट कळते ती जवळच्या सांतेरास्मो बेटावरील जांभळट आर्टिचोकमध्ये. आर्टिचोक ही काटेरी झुडपाची न उमललेली कळी. झाडाच्या शेंड्यावर येणारी पहिली कळी, जिला तेथे ‘कास्त्राउरा’ म्हणतात, वसंतात कोवळी असतानाच कापली जाते, कारण ती काढल्यावर झाडाचा जोर बाजूच्या फांद्यांकडे वळतो आणि पुढच्या कळ्या भरघोस येतात. हरभऱ्याचे शेंडे खुडून त्यांचीच भाजी करणाऱ्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ही युक्ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. एका झाडाला अशी कळी एकच, हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा आणि जमीन खारट चिकणमातीची, म्हणून तिचा भाव चढा असतो व तो रास्तही आहे. कच्ची, पातळ चिरून, ऑलिव्ह तेल, लिंबू व मीठ एवढ्यावरच ती वाढली जाते, आणि तिच्या कडसर चवीवर चीज किसून घालणे हा अपराधच होय.

खाण्याचा विषय बागेपलीकडच्या चर्चमध्येही भेटतो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार जगाच्या शेवटी मृत उठतील आणि त्यांचा निवाडा होईल; त्या अंतिम न्यायाचे प्रचंड मोझेइक चर्चच्या पश्चिम भिंतीवर आहे, म्हणजे रंगीत काचेच्या बारीक तुकड्यांनी जडवलेले चित्र. त्यात मासे आणि श्वापदे गिळलेली माणसांची शरीरे तोंडातून परत बाहेर टाकत आहेत आणि नरकातील खादाड स्वतःचेच हात चावत आहेत. बाराव्या शतकाच्या सुमारास ते पूर्ण झाले असावे, आणि मध्ययुगीन कलेत भुकेचे इतके निर्भीड चित्रण क्वचितच आढळते.

एप्रिलच्या अखेरीस व्हेनिसला जाणाऱ्यांनी एक दुपार या बेटासाठी राखून ठेवावी. आधी मोझेइक पाहावे आणि मग बागेत बसून मासळीऐवजी भाज्यांचा रिझोत्तो मागवावा.