डाव्या पायाची तक्रार

गाडी चालवणाऱ्याच्या उजव्या पायाला मान फार. वेग त्याच्या ताब्यात, थांबणं त्याच्या ताब्यात. डाव्याच्या वाट्याला एकच पेडल. दाबायचं आणि सोडायचं, आणि बाजारपेठेतून जाताना तर दर चार पावलांवर. इतक्या वेळा केलेल्या कामाकडे आपलं लक्ष उरत नाही, पायाचं मात्र असतं. क्लच किती वर आला की गाडी सरकू लागते हे त्याला अंधारातही ठाऊक. त्यात सुताएवढा फरक पडला तरी तो कुरकुरतो. जुनी गाडी घेताना लोक पत्रा वाजवून बघतात. मी आधी क्लच दाबून बघतो. पत्रा काय, रंगवून मिळतो.

माझी गाडी मारुती ८००. १९८३च्या डिसेंबरात ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन आणि भोवती उचलून न्यावी अशी हलकी काया. तिच्या क्लचला तेलाची नळी नाही की सिलिंडर नाही. पेडलपासून निघालेली एक वायर थेट गिअरबॉक्सवरच्या दांडीला जाऊन भिडते. बाहेर कवच, आत पोलादी तारांचा पीळ. सायकलच्या ब्रेकला असते त्याच घराण्यातली. अर्नेस्ट बाउडन यांनी या युक्तीचं पेटंट १८९६मध्ये घेतलं. ताण द्यायचा एका टोकाला, काम व्हायचं दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या वाटेनं हवं तसं वळावं. युक्ती इतकी साधी की ती बिघडू शकते हेच आपण विसरतो.

कोकणात पावसाचे पहिले महिने सरले की ती आठवण करून देते. सकाळी पेडल दाबावं तर ते जातं, पण परत यायला तयार नसतं. पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला सांगितलेल्या पोरासारखं, अडत अडत, उपकार केल्यासारखं वर येतं. कधी मध्येच थांबतं. मग चपलेचं टोक खाली सरकवून त्याला वर ओढायचं. अशी कसरत करत महिनोन् महिने गाडी हाकणारे मला माहीत आहेत. कुंभार्ली घाटात, पुढे लाकडाचा ट्रक आणि मागे एसटी असताना, ही कसरत कुणी करू नये.

गॅरेजात गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘साहेब, क्लच प्लेट गेली, किट टाकायला लागेल.’ म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं आणि एक अख्खा दिवस गेला. कधी ते खरंही असतं. प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं आपली जागा सोडतात आणि पेडल जड होतं. पण जड होणं वेगळं, अडकणं वेगळं. जडपणा वर्षांनी मुरतो. अडकणं बहुधा वाटेतल्या कुठल्या तरी घर्षणातून येतं, आणि ती वाट पायापासून सुरू होते. गिअरबॉक्सचं पोट तिच्या पार शेवटी. मग तपास शेवटाकडून का सुरू करायचा?

माझा भरवसा ज्या मिस्त्रीवर आहे तो आधी पायाखालची मॅट काढून मागच्या सीटवर टाकतो. हसू नका, जाड मॅट पेडलखाली गोळा झाली की तीही अडवते. मग तो डॅशबोर्डखाली आडवा होतो, पेडल हातानं आडवं हलवून बुश ढिला आहे का बघतो, परत खेचणारी स्प्रिंग जागेवर आहे का बघतो. त्यानंतरची गोष्ट मला सगळ्यात आवडते. तो बॉनेट उघडून वायरीचं गिअरबॉक्सकडचं टोक सोडवतो आणि मला पेडल दाबायला सांगतो. आता वायरीपलीकडे काही जोडलेलंच नाही. तरीही ते घासत, रखडत गेलं तर दुखणं अलीकडे, पेडलमध्ये किंवा वायरीत. अलगद गेलं तर पलीकडे. मग तो त्या दांडीला पान्यानं थोडं ढकलून बघतो. तिचा शाफ्ट घंटेच्या आकाराच्या घरातून आत शिरतो, आणि तिथल्या बुशमध्ये पाणी व धूळ बसून गंज धरला की सगळं जखडतं. गाडीचा निम्मा प्रदेश एका नटावर निर्दोष ठरतो. मोठमोठ्या चौकशी समित्यांना हे का सुचत नाही, कोण जाणे.

वायर मरते तीही एकदम नाही. पिळातली एक तार तुटते, तिचं टोक उभं राहतं आणि आतल्या प्लास्टिकच्या अस्तरात रुततं. मग दुसरी. पेडल नेमकं एकाच जागी अडखळू लागलं की असं एखादं कुसळ उभं राहिलं असावं. तेल सोडून काही दिवस सुखाचे जातात, पण अस्तराच्या वायरीत तेलाला धूळ चिकटते आणि आतली रड वाढते. वायर बदलावी हेच खरं. बदलल्यावर पेडलला वरच्या बाजूला दोनेक सेंटीमीटरची मोकळीक ठेवतात. ती संपली की रिलीज बेअरिंग अष्टौप्रहर फिरत राहतं आणि प्लेट घसरू लागते. आमच्या आळीतला एक मिस्त्री ती मोकळीक हाताच्या बोटांनी पेडल दाबून मापतो, पट्टी कधी काढत नाही.

एका जुन्या छोट्या गाडीनं मात्र सगळ्यांना चकवलं होतं. नवी वायर टाकली की थोडे दिवस लोण्यासारखं पेडल, आणि पुन्हा जखडण. मालक सुट्या भागांच्या दुकानदाराला शिव्या घालत होता. शेवटी कुणीतरी काढलेली वायर चिरून बघितली, तर आतलं अस्तर वितळून तारांना चिकटलेलं. ‘वायर गेली नाय, जळलीय ही,’ एक म्हातारा इलेक्ट्रिशियन म्हणाला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणजे विजेच्या हिशेबात बॉडीपासून तुटलेलं. दोघांना जोडायला तांब्याची विणलेली अर्थिंगची पट्टी असते. तिच्या टोकाला गंज चढला होता. स्टार्टर मारताना शंभरावर अँपिअरचा प्रवाह परतीची वाट शोधत होता, आणि इंजिनपासून बॉडीकडे जाणारं दुसरं धातूचं काय, तर क्लचची वायर. रोज सकाळी ती भाजत होती. पट्टीची टोकं पॉलिश पेपरनं घासून आवळली, नवी वायर टाकली, आणि तक्रार संपली.

तेव्हा तुमच्या गाडीचा क्लच अडकू लागला तर किटचे पैसे मोजण्याआधी एवढं करा: वायर सोडवून पेडल एकदा तुमच्यासमोर दाबायला लावा, काढलेली जुनी वायर मागून घ्या, आणि अर्थिंगची पट्टी कुठे आहे ते मिस्त्रीला दाखवायला सांगा. जो दाखवायचं टाळेल, त्याला गिअरबॉक्स उतरवू देऊ नका.