मालगुजाराचा वाडा

वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या गावांतून जाताना मातीच्या घरांमध्ये उंच जोत्यावरचा एखादा वाडा अजूनही दृष्टीस पडतो. मालगुजारी १९५१ सालीच संपली. नाव मात्र 'मालगुजाराचा वाडा' असेच राहिले. आमच्या बालाघाट जिल्ह्यातील अशाच एका वाड्यात माझे आजोबा दिवाणजी होते. तो पाडणार असे कळले, म्हणून दिवाळीच्या सुटीत मुद्दाम जाऊन आलो.

भोसल्यांच्या अमलात पाटील हा सारा गोळा करणारा मक्तेदार असे, जमिनीचा धनी नव्हे. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि पुढे १८६० नंतरच्या बंदोबस्तात इंग्रजांनी या मक्तेदारांनाच गावाचे मालक केले. त्यांच्या देशातील 'मॅनर'चा धनीही असाच: स्वतःची खास शेती, भोवती कुळे. आपल्याकडे त्या खास शेतीस 'सीर' म्हणत. श्रॉपशायरमधील स्टोक्से येथे तेराव्या शतकातील एका लोकरीच्या व्यापाऱ्याचे घर टिकून आहे. मधोमध भव्य दिवाणखाना, त्यात उघडी शेगडी, कुटुंबाच्या खोल्या बाजूला. आमच्या वाड्यात दिवाणखान्याचा मान कचेरीचा!

देवडी ओलांडली की चौक, आणि समोर कचेरीची लांबरुंद ओसरी. सागवानी खांब कवेत मावत नाहीत. भिंती मातीच्या, दोन हात रुंद; वर कवेलू. माजघर, देवघर, बाळंतिणीची काळोखी खोली हे सारे मागे दाटीने कोंबलेले. परसातील धानाच्या कोठ्या त्याहून ऐसपैस! ओसरीचा ओटा दोन हात उंच आहे. किस्त भरावयास आलेले कूळ चौकात उन्हात उभे राही. बैठकीवरील माणसाला त्याच्याकडे मान वर करून पाहावे लागत नसे. मी वर बसून पाहिले, खाली उभा राहूनही पाहिले.

सध्याच्या मालकांनी सागवानाचा सौदा केला आहे. त्यांना दोष कसा द्यावा? मालगुजारी गेल्यावर सीर तेवढी हाती उरली, तीही वाटण्यांत विरली. दर उन्हाळ्यात कवेलू फेरणारी माणसे आता मिळत नाहीत, आणि माकडे तर वर्षभर! स्टोक्से सांभाळावयास संस्था आहे. येथे कोण सांभाळणार?

आजोबांच्या मोडी वह्यांपैकी दोनच वाळवीतून वाचल्या होत्या, त्या मागून आणल्या. त्यांत कुळांच्या नावांपुढे किस्तीच्या रकमा आहेत आणि वेठीचे दिवसही, आजोबांच्याच सुरेख अक्षरात. त्यांतील कित्येक आडनावे माझ्या शाळेच्या हजेरीपटावर आहेत. वह्या सध्या माझ्या कपाटात आहेत. मुलांना अद्याप दाखविलेल्या नाहीत.